नऊ महिन्यांची बाळी, तीन वर्षांचा पोट्टा आणि तंबू : नागपूर ते पचमढी जावं का?

दोन_पोरांची_आई
३ डिसेंबर, रात्री ११:४०

सासूबाई म्हणतात, "लेकराले उघड्यावर झोपवता का?" नवरा म्हणतो, "काही होत नाही." माझं म्हणणं घरात कुणी विचारलंच नाही, म्हणून इथे लिहून राहिले.

बेत असा आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. नागपूरहून पेंचचं जंगल, तिथे दोन रात्री तंबूत. मग सिवनी, छिंदवाडा करत तामिया, तिथे एक रात्र तंबूत. मग पचमढीला दोन रात्री हॉटेल, आणि मटकुली, छिंदवाडा, सौंसर, सावनेर मार्गे परत. सगळं मिळून सहाशेच्या आसपास किलोमीटर. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी तेव्हा नऊ महिने पूर्ण होईल. गाडी छोटी. तंबू चार माणसांचा, ऑनलाइन मागवलेला, अजून खोक्यातच दिवाणाखाली पडला आहे.

थंडीचं काय, गाडीत एका दमात किती वेळ, बाळीच्या खाण्याचं काय, आणि मुळात जावं का? खरंखुरं सांगा. "मुलं लहान आहेत तोवर घरीच राहा" हे सांगायला घरी माणसं आहेत.

तर्री_पोहे

ताई, चार माणसांचा तंबू म्हणजे अडीच माणसांचा. त्यात एक पोट्टं आडवं झोपते. हिशेब तुम्हीच करा.

बुलेटवाला_भाऊ

बुलेट विकली, आता सात सीटची गाडी आहे. आयडी बदलायला जीव होत नाही.

आम्ही पोरगी दीड वर्षाची असताना पचमढी केलं. निघताना बायकोनं प्रेमानं आलूचा पराठा, वर दही, वर कपभर दूध असं पोटभर खाऊ घातलं. सौंसर गेलं, सगळं छान. सिल्लेवानी घाट लागला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर पोरगी एकदम गप्प झाली. मले वाटलं, झोपली. गप्प पोट्टं म्हणजे धोक्याची घंटा, हे तेव्हा माहीत नव्हतं. पराठा, दही, दूध सगळं माझ्या मानेवर, शर्टाच्या कॉलरच्या आत. थंडीच्या दिवसांत, काचा बंद. पुढचे दोन तास आम्ही तिघं संत्र्याची सालं हुंगत गेलो.

त्यानंतर आमचं ठरलं. पहाटे पाचला, पोरगी झोपेत असतानाच उचलून गाडीत. सौंसरला उजाडते, तिथे उठवायचं, शी-सू, मुरमुरे नाही तर कोरडी पोळी. घाटाच्या आधी तासभर दूध नाही. घाटात मोबाईल अजिबात नाही, काच बोटभर उघडी, आणि ड्रायव्हरनं वळणावर मर्दानगी दाखवायची नाही. दर दीड तासानं थांबायचं म्हणजे थांबायचं. गूगल चार-पाच तास म्हणते, पोट्टं आठ म्हणते. पोट्ट्याचं ऐकायचं.

पुणे_रिटर्न

कार सीट आहे का? कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. नऊ महिन्यांच्या बाळाला मागच्या सीटवर, पाठ गाडीच्या पुढच्या बाजूला येईल अशी उलटी लावलेली सीट हवी. पुढे एअरबॅग असेल तर तिथे उलटी सीट चुकूनही नाही. मोठ्याला त्याच्या मापाची वेगळी. आणि हा फक्त हौसेचा भाग नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९४ब आहे, १४ वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा चाइल्ड सीटनं बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड.

तर्री_पोहे

आले पुणेकर, सोबत कलम घेऊन आले.

महालातले_आजोबा

लेकराला आईच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा नाही. आमच्या काळात कुठल्या आल्या सीटा? १९७८ साली आम्ही पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला गेलो, ट्रकमधून. महालातले नि इतवारीतले मिळून तीसेक माणसं, त्यात पाच लेकरं. माझा धाकटा दहा महिन्यांचा. नागपंचमीचे दिवस, वरून धो धो पाऊस, खाली चिखल, आणि आमच्या बायका पोरं काखोटीला मारून, "हर बोला महादेव" म्हणत डोंगर चढल्या. रात्री मंडपात घोंगडी टाकून झोपलो. तंबू नाही, डायपर नाही. जुन्या लुगड्याची दुपटी नि चुलीवरचा मऊ भात. कुणाला काही झालं नाही. तुम्ही आजकालची मुलं विचारच फार करता.

बर्डीवाली

आजोबा, चढलेल्या बायकांना विचारलं का कधी, कसं वाटलं म्हणून?

बालरोगवाली

आजोबांचा मान ठेवून सांगते, मांडी सुरक्षित नाही. ताशी पन्नासच्या वेगानं गाडी आपटली तर आठ-नऊ किलोचं बाळ हातात धरून ठेवणं पैलवानालाही शक्य नाही. आईनं स्वतःचा पट्टा लावून बाळ त्याच पट्ट्यात घेतलं तर आणखी वाईट, तिचं सगळं वजन बाळावर येतं. पुणे_रिटर्न बरोबर आहेत. फक्त एक पुरवणी : त्या सीटमध्ये बाळ तासन्‌तास ठेवू नका. दर दीड-दोन तासांनी बाहेर काढून सपाट झोपवा, पालथं पडू द्या, रांगू द्या. आणि "रडते म्हणून दोन मिनिटं काढते" हे चालत्या गाडीत करू नका. आधी गाडी थांबवा.

ताई, जावं की नाही यावर माझं उत्तर "जा" असंच आहे, पण चार गोष्टी.

नऊ महिने पूर्ण म्हणजे एमआरच्या, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लशीची वेळ. लशीनंतर साधारण आठवडाभरानं काही बाळांना ताप येतो, अंगावर बारीक पुरळ येतं. तो ताप तामियात आला तर तुम्ही घाबराल. त्यामुळे लशीची तारीख आणि निघायची तारीख आधी डॉक्टरांसमोर बसून जुळवा. सहलीसाठी लस महिनाभर पुढे ढकलू नका.

थंडी. आपल्यापेक्षा एक थर जास्त, बस. टोपडं, स्वेटर, मोजे, वर दोन दुलया असं गुंडाळलं तर बाळ घामानं भिजतं आणि मग गारठतं. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे बोट घालून बघा. ती कोमट असेल तर ठीक. बाळाला मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊ नका, तोंडावर पांघरूण येतं. तिला वेगळी पातळ गादी, उशी नाही, अंगाला बसणारे गरम कपडे.

आणि हे ठळक अक्षरांत समजा : तंबूत शेगडी नाही, कोळसा नाही, गॅस नाही. "विझत आलेली आहे, राहू दे ऊब येईल" म्हणून निखारे आत ठेवतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतून जागही येत नाही.

उलटीचं औषध मेडिकलवाल्याला विचारून देऊ नका. मोठी माणसं घाटात सर्रास घेतात त्या गोळ्यांपैकी प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखाली द्यायचीच नसते. सोबत ओआरएस असू द्या, पण मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात चिमूटभर, असा अंदाजपंचे कारभार नको. आणि वर्षाच्या आत मध नाही, जंगलातला "शुद्ध" असला तरी नाही.

झोप_हवी

मी फक्त तंबूतल्या रात्रीबद्दल लिहितो, कारण ती मला मिनिटामिनिटानं आठवते.

रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या बाजूला एका शेतातल्या कॅम्पवर होतो, जानेवारी, मुलगा अडीच वर्षांचा. नऊला झोपला. आम्ही मनात म्हटलं, जिंकलो. तीनला जाग आली ती आवाजानं. झर्रर्र. थांबला. पुन्हा झर्रर्र. चिरंजीव अंधारात तंबूची चेन उघड-बंद करत बसलेले, एक पाय बाहेर. मला म्हणाला, "बाबा, दार वाजते." त्या दिवसापासून दोन्ही चेनींचे लूप आतून छोट्या कॅराबिनरनं (स्प्रिंगच्या कडीनं) एकमेकांत अडकवतो, हाताला लागेल पण पोराला निघणार नाही असा.

पहाटे पाचला छतावरून थेंब. पाऊस नाही हो, आमचाच श्वास. थंडीत तंबू पूर्ण बंद केला की आतली वाफ कापडावर गार होऊन टपकते. मुलाची दुलई कडेला ओली. वरची जाळी उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी. खालून गारवा वरच्यापेक्षा जास्त येतो, तेव्हा आधी ताडपत्री, त्यावर फोमची मॅट, त्यावर सतरंजी, मग गादी. आम्ही पांघरुणं चार नेली होती आणि अंथरूण एक.

तर्री_पोहे

"बाबा, दार वाजते." पोट्टं नाही, चौकीदार आहे.

जंगलवेडा

पेंचबद्दल सांगतो, दर महिन्याला चक्कर असते.

पहिली गोष्ट, वनक्षेत्रात आपल्या मनानं तंबू ठोकता येत नाही. जागा छान दिसली, नाला दिसला, लावला तंबू, असं चालत नाही. बिबट आहे, अस्वल आहे, रानडुक्कर आहे. कुंपण, दिवा, संडास आणि रात्री राखणदार असलेल्या नोंदणीच्या कॅम्पवरच राहा. खाणं तंबूत ठेवू नका, बिस्किटाचा पुडाही नाही. गाडीत ठेवा.

दुसरं, सफारी. सकाळची जिप्सी म्हणजे अंधारात उठून, उघड्या गाडीत, बोचऱ्या वाऱ्यात तीन-चार तास. मध्ये उतरता येत नाही. नऊ महिन्यांच्या बाळीनं शी केली तर काय कराल? आणि ती रडली तर वाघ राहू द्या, बाकीच्या जिप्सीवाले तुमच्याकडे बघतील. आळीपाळीनं जा. एका सकाळी तुम्ही, दुसऱ्या सकाळी ते.

तिसरं, पोरांसाठी खरी गंमत रात्री आहे. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेल्या जंगलाचा मान मिळाला, भारतातलं पहिलं. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाश असं दिसते की नागपुरातल्या पोरांना खरं वाटत नाही. माझा भाचा म्हणाला, "मामा, इथं कुणी सांडवले?"

जाताना देवलापारच्या पुढे ४४ नंबरच्या हायवेवर मुलाला एक दाखवा. जंगलाच्या पट्ट्यात रस्ता उंच खांबांवर घेतला आहे, जनावरांना खालून जाता यावं म्हणून. सर्वांत लांब पूल ७५० मीटरचा आहे. गाड्या वरून, वाघ खालून. तीन वर्षांच्या पोराला हे एका वाक्यात कळते, आमच्या सोसायटीतल्या मोठ्यांना अर्धा तास लागला होता.

विदर्भ_एक्सप्रेस

एवढा घाट कशाला? समृद्धी महामार्गानं शिर्डी करा, सरळसोट रस्ता, ५२० किलोमीटर, ना वळण ना उलटी. आता तर मुंबईकडचा पूर्ण ७०१ किलोमीटरचा झाला.

बुलेटवाला_भाऊ

भाऊ, समृद्धीवर उलटीचा तेवढा एक त्रास नाही. पोट्ट्याला "सू आली" झालं की पुढच्या थांब्यापर्यंत धर म्हणता येते का? आणि १२० ची मर्यादा आहे म्हणून सगळे १२० नंच जाऊन राहिले, कडेला थांबून डायपर बदलणं म्हणजे जिवाशी खेळ. उलटीवर इलाज आहे.

पुणे_रिटर्न

आणि सरळ रस्त्यावर ड्रायव्हरला झापड येते. रात्री पोरं नीट झोपू देत नाहीत, त्यात सरळ रस्ता. ज्याची रात्र जागरणात गेली त्यानं सकाळी स्टिअरिंग धरू नये, हे कॅम्पिंगलाही लागू.

मावशी_अमरावती

खाण्याचं मी सांगते. तांदूळ नि मूगडाळ भाजून, बारीक दळून डब्यात न्यायची. थर्मासमधलं कढत पाणी घातलं, झाकून दहा मिनिटं ठेवलं की खिमट तयार. वरून तूप. केळं कुठंही मिळते, सालीसकट येते, धुवायची कटकट नाही. नाचणीचं सत्त्व चालेल, पण ते शिजवावं लागते. पाणी उकळलेलं घरूनच घ्या, रोजच्या मापानं. अंगावरचं दूध चालू आहे ना? मग अर्धी चिंता तिथंच मिटली, ते सांडत नाही नि नासत नाही.

मोठ्याले वेफर, कुरकुरे देऊ नका गाडीत. राजगिऱ्याचा लाडू द्या, हातात मावते आणि अर्धा तास पुरते. सीटवर सांडते, पण सांडू द्या.

तर्री_पोहे

आणि मोठ्यांसाठी सावजी?

मावशी_अमरावती

तंबूत चार जणं, चेन बंद. आणि तुम्हाला सावजी सुचून राहिलं!

बर्डीवाली

😂😂 धागा इथंच संपला.

बर्डीवाली

बरं, डायपर. कुणी बोललं नाही. जंगलात पुरू नका, जाळू नका, पचमढीत खोलीच्या बाल्कनीत तर मुळीच ठेवू नका. आम्ही पिशवी रात्री बाल्कनीत ठेवली, सकाळी माकडांनी फाडली, आणि समोरच्या झाडावर एक डायपर. खालून जाणारे लोक वर बघत होते. मी आत पडदा लावून बसले. आता झाकणाचा घट्ट डबा नेते, गाडीच्या डिकीत, आणि शहरात आल्यावर टाकते. दिवसा कापडी लंगोट, प्रवासात नि रात्री डायपर, असं केलं की निम्मे लागतात.

जंगलवेडा

एक राहिलं. गवतात पोरांना थेट बसवू नका, गवतावर कपडे वाळत घालू नका. २०१८ साली पावसाळ्यानंतर आपल्याकडे स्क्रब टायफसनं किती धावपळ झाली होती आठवते? गवता-झुडपातल्या बारीक किड्यांमुळे होते ते. मुख्य जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर, डिसेंबरात धोका कमी, तरी सतरंजी टाका.

बालरोगवाली

बरोबर. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "जंगलात राहून आलो" हे आपणहून सांगा. अंगावर, विशेषतः काखेत, जांघेत काळी खपली दिसते का, बघा. डासांसाठी मच्छरदाणी पहिली. क्रीम लावायचीच तर बाळाच्या हाताला नको, हात तोंडात जातो.

महालातले_आजोबा

माझा वरचा प्रतिसाद सौभाग्यवतींनी काल वाचला. म्हणाल्या, "लिहिता तर पूर्ण लिहा." तर पूर्ण लिहितो.

धाकट्याला दुसऱ्या रात्री ताप भरला होता. हगवणही लागली. मी वर दर्शनाला गेलो होतो, मला कळलंच नाही. ही आणि माझी बहीण त्याला घेऊन पावसात खाली उतरल्या, मटकुलीपर्यंत एका जीपवाल्यानं सोडलं, तिथून एसटी सापडेपर्यंत सकाळ झाली. दर तासाला चमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजत होती. मी तिसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन घरी आलो, तेव्हा धाकटा पाळण्यात खेळत होता, म्हणून माझ्या लेखी "कुणाला काही झालं नाही."

इतकी वर्षं मी हीच गोष्ट सांगत होतो.

बर्डीवालींनी विचारलं होतं. हे त्याचं उत्तर.

बर्डीवाली

आजोबा 🙏 आजींना नमस्कार सांगा.

तर्री_पोहे

आजीचा आयडी बनवा, आजोबा. आम्हाले दुसरी बाजू ऐकायची आहे.

झोप_हवी

मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन_पोरांची_आई, तंबू खोक्यातच आहे म्हणालात. आधी घरच्या गच्चीवर लावा. एक रात्र, चौघंही. फसलं तर जिना उतरून पलंगावर. याहून स्वस्त परीक्षा नाही.

दोन_पोरांची_आई
१४ डिसेंबर, सकाळी ८:१५

काल केलं. गच्चीवर.

तंबू लावायला नवऱ्याला पन्नास मिनिटं लागली. एक काठी उरली, ती कुठली हे अजून कळलेलं नाही. शेजारचे काका टॉर्च घेऊन वर आले, त्यांना वाटलं चोर. मुलगा आनंदानं वेडा. बाळी साडेआठला झोपली, एकला उठली, दूध प्यायली, परत झोपली. घरी झोपते त्यापेक्षा बरी झोपली, हे लिहिताना मला राग येऊन राहिला. मान कोमट होती, दर तासाला तपासली. नवरा तीनला खाली निघून गेला, म्हणाला कंबर गेली. "काही होत नाही" वाले गृहस्थ. आम्ही तिघं सकाळपर्यंत वर.

सासूबाई सहाला चहा घेऊन गच्चीवर आल्या, तंबूत डोकं घातलं, आणि दहा मिनिटं आतच बसून राहिल्या. काही बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "खाली गादी अजून एक टाक."

आता बेत बदलला. तामिया कट. पेंचला दोन रात्री, तिथूनच परत. पचमढी पोरं मोठी झाल्यावर. दुसरी कार सीट मैत्रिणीकडून घेतली. लस आजच आहे, निघायचं २८ ला. म्हणजे मध्ये चौदा दिवस, डॉक्टर हो म्हणाल्या.

पुणे_रिटर्न

उसनी सीट घेताना ती आधी अपघातात होती का विचारा, पट्ट्याचं कुलूप वाजतं का बघा. २८ ची रात्र जपून. २०१८ साली २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ वर आला होता, पेंचला शहरापेक्षा जास्तच गारठा असतो. आकडा आणखी खाली दिसला तर खोली घ्यायला लाजू नका.

दोन_पोरांची_आई
२ जानेवारी, दुपारी ३:०५

आलो. पहिली रात्र तंबूत, दुसरी खोलीत. थंडी नव्हे, मुलाला तंबूतून संडास लांब वाटत होता. वाघ नाही दिसला. नवऱ्याला दिसला नाही म्हणजे खरंच नव्हता, माझ्या सकाळी मी जिप्सीत डुलक्या घेत होते. बाळीनं पहिल्यांदा आधाराशिवाय उभं राहून दाखवलं, सतरंजीवर, बाजूला लंगूर बघत होता. एकही उलटी नाही. पूल बघून मुलगा अजून विचारतो, "आता खालून कोण चाललं?"

खिमट चाललं, मावशी. अंथरूण तरी कमीच पडलं.

तर्री_पोहे

ती उरलेली काठी?

दोन_पोरांची_आई

मुलाकडे आहे. रोज गच्चीवर नेऊन म्हणतो, "टेंट लाव."

बुलेटवाला_भाऊ

ताई, फेब्रुवारीत आम्ही नवेगावबांधला जाणार आहो. तंबू भाड्यानं देता का? काठी नसली तरी चालेल.